चार मिनिटांची हळद

“थांबा, सखूबाई. चार मिनिटं सदतीस सेकंद झाली, आणि तुम्ही अजून आजेसासूबाईंच्या जावेपाशीच आहात.”

सुनेत्राबाईंनी हातातलं शर्यतीचं घड्याळ वर धरून दाखवलं. शाळेला मे महिन्याची सुट्टी होती. सातवीच्या वर्गातली बाकं भिंतीला लावून मधे सतरंजी टाकली होती. भागोजीची मृदंगावरची थाप अर्ध्यातच राहिली. सखूनं डोळे उघडले. गाताना ती डोळे मिटूनच गायची. उघडले की तिला आपण कुठे आहोत ते आठवायला जरा वेळ लागे.

“मग? अजून एकवीस बाया यायच्या हायत,” ती म्हणाली.

“तेच म्हणते मी. तिकडे चार मिनिटं झाली की लाल दिवा लागतो. दिवा लागला की गाणं बाद. मग तुम्ही कितीही सुरेल गा.”

“म्हंजे बायांना दारात उभ्या ठेवून दिवा लावतात?” सखूची धाकटी जाऊ काशी म्हणाली. “काय पण रीत!”

तिकडे म्हणजे युगोस्लावियात. जगातल्या लोकगीतांची मोठी स्पर्धा तिथे समुद्राकाठच्या एका शहरात भरणार होती. शाळेत गाणं शिकवणाऱ्या सुनेत्राबाईंनी संगमेश्वराजवळच्या एका लग्नात सखूचं हळदीचं गाणं टेपवर घेतलं होतं, ती टेप दिल्लीला धाडली होती, आणि स्वतःच विसरून गेल्या होत्या. दिल्ली मात्र विसरली नाही. शहाऐंशीच्या जानेवारीत पत्र आलं: ऑगस्टात चौघांनी यावं. गाणारी सखू, मागं धरणारी काशी, मृदंगावर काशीचा नवरा भागोजी, आणि या तिघांना नेऊन आणायला सुनेत्राबाई.

सखू तेव्हा बावन्न वर्षांची. नवरा गेल्यावर गाव सोडून रत्नागिरीत आली, ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायला बसली. काजूच्या तेलानं बोटं अशी करपलेली, की पासपोर्टाच्या कागदावर अंगठा उठवायची वेळ आली तेव्हा शाई लावायच्या आधीच अंगठा काळा. तिथला साहेब हसला. सखूही हसली. “एवढं तरी फुकट झालं,” म्हणाली.

पण गाण्याच्या बाबतीत तिला हसू येत नसे. हळदीचं गाणं तिला सासूनं शिकवलं होतं, आणि ते गाणं म्हणजे बोलावणं होतं. नवरीला हळद लागण्याआधी घरातल्या एकेका बाईला नाव घेऊन मांडवात आणायचं. गेलेल्या बाया आधी, मग हयात असलेल्या, थोरलीपासून धाकटीपर्यंत.

जात्याची पाळी पिवळी गो झाली,
गोदा गो माझी मांडवाला आली.

पाळी म्हणजे जात्याचा दगड, आणि गोदा ही सखूची सासू. अशी एकेक करून सव्वीस नावं. सत्ताविसावं नाव गाणारणीचं स्वतःचं: “सगळ्यांच्या मागून सखू गो आली.” ते घेतल्याशिवाय गाणं मिटत नाही, आणि जिचं नाव घेतलं नाही तिला त्या हळदीला हात लावता येत नाही. ती मांडवाबाहेरच. एकदा एका गाणारणीच्या घशात काटा अडकला, म्हणून तिचं स्वतःचं नाव राहिलं, तर बिचारी जेवणाची पंगत उठेस्तोवर गोठ्यापाशी उभी होती, असं काशी शपथेवर सांगे.

“पाच,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “हिशेब करून बघितलाय मी. चालीला धक्का न लावता पाच नावं बसतात. कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवा.”

मग काशीनंच बोटांवर मोजायला घेतलं. “आजेसासू गंगा. मग आमची म्हातारी, गोदा. तिनं तर गाणं दिलं. थोरली जाऊ विमला, ती गेली हाय. मग मी.”

“तू कशी गो?” भागोजी म्हणाला.

“मी मागं धरणारी हाय. मी भाईर उभी ऱ्हाऊन मागं धरू? आणि पाचव्या बाय, तुमी स्वतः. झाल्या पाच.”

“मैना?” सखू हळूच म्हणाली.

भागोजी मृदंगाची वादी ओढू लागला. ती ओढायची काही गरज नव्हती.

मैना ही सखूची एकुलती लेक. सावर्ड्याला दिलेली. दुसऱ्याच वर्षी पहिल्या बाळंतपणात गेली. दोन वर्षांनी जावयाचं दुसरं लग्न झालं, त्याच्या हळदीला सखूच्या वतीनं काशी गेली होती. रीतीप्रमाणे त्या घरच्या गेलेल्या बायांत मैनाचं नाव यायला हवं होतं. पण नव्या नवरीला अपशकुन नको, म्हणून तिथल्या गाणारणीला कुणीतरी गप्प केलं. काशीनं घरी येऊन सांगितलं, आणि सांगितल्याचा तिला पुढे पश्चात्ताप झाला, कारण त्यानंतर सखूनं सावर्ड्याचं नाव काढलं नाही की तिकडच्या पाण्याला तोंड लावलं नाही.

“बाय,” काशी म्हणाली, “दिलेल्या लेकीचं नाव तिच्या सासरी. माहेरच्या हळदीत ते येत नाय. ही रीत तुमीच शिकवलीत ना मना?”

“सासरी घेतलं काय?”

काशीनं मान खाली घालून सतरंजीची घडी सारखी केली.

“माझ्या घरच्या मांडवात मी घेत नाय, काशे. रीत मना ठाऊक हाय. पण तिकडला मांडव कुणाच्याच घरचा नाय. तिकडं एकदा घेतलं तर कुणाचं काय जातंय?”

सुनेत्राबाईंनी सहा नावं घालून बघितलं. चार मिनिटं बावीस सेकंद. मग जरा जलद गाऊन बघितलं, तेव्हा सखूच अर्ध्यात थांबली. “नको बाई. बाया मागं कुत्रा लागल्यासारख्या येतायत.”

“मग काशीबाईंचं काढू या का?” सुनेत्राबाईंनी चाचरत विचारलं.

“काढा की,” काशी पदर खोचत म्हणाली. “आणि मागं धरायला दिल्लीवाल्यांना बोलवा.”

“ऱ्हाऊ दे,” सखू म्हणाली. “पाचच घेऊ.”

एवढ्या सहज ती कधी काही सोडत नसे. काशीच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

ऑगस्टात चौघं एस्टीनं मुंबईला, तिथून विमानानं दोन ठिकाणी बदल करत तिकडे पोचली. भागोजीनं सबंध प्रवासात मृदंग मांडीवरून खाली ठेवला नाही. हवाई सुंदरीनं तो मागितला तेव्हा त्यानं अशी मान हलवली, की तिनं पुन्हा विचारलं नाही. उतरल्याजागी हळदीच्या पुडीवरून सरकारी माणसांनी अडवलं. त्यांतले तीन-चारजण वाकवाकून पुडीचा वास घेऊ लागले. शेवटी काशीनं चिमूटभर हळद जिभेवर टाकून दाखवली आणि एकाच्या हातावरच्या खरचटलेल्या जागी सरळ लावून टाकली. तो इतका गोंधळला की त्यानं सोडूनच दिलं.

स्पर्धा तीन दिवस होती. यांची पाळी तिसऱ्या दिवशी दुपारी. पहिले दोन दिवस प्रेक्षकांत बसून दुसऱ्यांची गाणी ऐकायची. रंगमंचाच्या कडेला तीन दिवे. गाणं सुरू झालं की हिरवा, अर्धं मिनिट उरलं की पिवळा, मग लाल. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा मेंढीच्या कातड्याची पिशवी फुगवून वाजवत, गात होता. डोळे मिटलेले. लाल दिवा लागला तरी त्याला पत्ताच नाही. शेवटी एक मुलगी येऊन त्याच्या दंडाला धरून त्याला आत घेऊन गेली. तो आत जाईपर्यंत पिशवीतला उरलेला वारा रडत होता.

सखूनं सुनेत्राबाईंचा हात धरला.

“तुम्ही नीट पाचच घ्या,” सुनेत्राबाई कुजबुजल्या. “माझी विनंती आहे. एवढ्या लांब येऊन असं नको व्हायला.”

“पाचच घेणार,” सखू म्हणाली.

तिसऱ्या दिवशी नऊवारी नेसताना काशीनं वाट अडवली. “बाय, नावं म्हणून दावा एकदा.”

“गंगा, गोदा, विमला, काशी.”

“आणि?”

“आणि पाचवं.”

“पाचवं कुणाचं?”

“निऱ्या नीट घाल. काठ लोळतोय.”

“हे बघा बाय, सांगून ठेवतंय. रीत सोडून काय म्हणालात तर मी मागं धरायची नाय. मी उभी ऱ्हाईन मुकाट. मग बघा.”

सखूनं तिच्या केसांत अबोलीचा गजरा माळला. कागदाचा होता; खरा प्रवासात सुकून गेला होता.

रंगमंचावर मधोमध हळदीची वाटी ठेवली होती. समोर अंधारात हजार-दीड हजार माणसं, त्यांतलं एकही ओळखीचं नाही. भागोजीनं थाप दिली. हिरवा दिवा लागला. बाजूच्या पडद्याआड सुनेत्राबाईंनी घड्याळाची कळ दाबली.

गंगा आली. गोदा आली. सखूचा आवाज काही गोड नव्हता. जात्यासारखा, जरा खरखरीत, पण न थांबणारा. ती ओळ टाकी, काशी ती वरच्या पट्टीत उचलून धरी, आणि मग ती बाई आली असं वाटे. विमला आली. काशीनं स्वतःचं नाव जरा ठसक्यातच म्हटलं. तीन मिनिटं अठरा सेकंद. सुनेत्राबाईंनी मनातल्या मनात गणपतीला नारळ बोलला.

मग सखूनं डोळे उघडले.

जात्याची पाळी पिवळी गो झाली,
मैना गो माझी मांडवाला आली.

काशीचं तोंड मिटलेलं. ओळ उचलायची जागा आली आणि गेली. भागोजीनं बायकोकडे बघितलं आणि ठेका आणखी एकदा फिरवून आणला, जसा वरातीत घोडा अडला की फिरवतात. पिवळा दिवा लागला. सखू समोर बघत उभी होती. तिनं ओळ पुन्हा म्हटली नाही, काशीकडे वळूनही बघितलं नाही. काळी बोटं एकमेकांत घट्ट अडकवून नुसती उभी. ठेका दुसऱ्यांदा फिरून जागेवर येत होता.

“मैना गो माझी मांडवाला आली,” काशीनं उचललं. कधी नव्हे इतका तिचा आवाज चढला, वर जाऊन थोडा फाटला, पण सुरात राहिला.

तीन मिनिटं त्रेपन्न सेकंद. सुनेत्राबाईंनी श्वास सोडला. पाचच नावं झाली होती. सखूनं शब्द पाळला होता. लेकीसाठी स्वतःचं नाव सोडलं होतं, एवढंच. भागोजीनं शेवटच्या थापेसाठी हात उचलला. सखूनं समोरच्या अंधाराला हात जोडले.

आणि काशीनं पुन्हा श्वास घेतला.

“सगळ्यांच्या मागून,” तिनं एकटीनंच सुरू केलं, सखू तिच्याकडे वळली, “सखू गो आली.”

लाल दिवा ओळीच्या मधेच लागला. काशीनं ओळ पुरी केली, घाई न करता. भागोजीनं थाप दिली. ती दिल्याशिवाय त्याला राहवलंच नसतं.

तिघं पडद्याआड आली. आल्यावर सगळी एकदम बोलली.

“काशे, घात केलास गो! बाद झालो!” सखू म्हणाली.

“झालो तर झालो.”

“सात-आठ सेकंद! अहो काशीबाई, अवघे सात-आठ सेकंद! मी दिल्लीला काय लिहू आता?” सुनेत्राबाईंचे डोळे भरले होते, आणि ते रागानं की कशानं हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

“लिवा, बायका ऐकत नायत,” भागोजी म्हणाला. “त्यांच्यात पण असतील बायका. कळंल.”

“तुला रीत मोडायची नव्हती ना?” सखू काशीवर धावूनच गेली. “मग मैनाचं नाव उचललंस कशाला?”

“तुमी उभ्याच ऱ्हायलात तशा, मग काय करू?” काशीनं नाक पुसलं. “मी सावर्ड्यास बसले होते ना मांडवात. माझ्या समोर गप्प केलं त्या बायेला. मी तरी कुठं बोलले काय? लाडू खाऊन आले.” तिनं येताना उचलून आणलेल्या हळदीच्या वाटीत बोटं बुडवली. “आणि तुमचं नाव नाय घेतलं तर तुमी भाईर. मी आत शिरायची, नि तुमी भाईर उभ्या? तिकडं गावात काय सांगू, थोरल्या जावेला परदेशात गोठ्यापाशी ठेवून आले?”

“बक्षीस गेलं ना गो.”

“गेलं. गाल करा इकडं.”

सखूनं गाल पुढे केला नाही. मग केला. काशीनं हळद लावली ती जरा जास्तच, कानापर्यंत.

बाजूला पुढच्या पाळीची एक मुलगी उभी होती. सतराअठरा वर्षांची, शिवलेल्या फुलांचा जाड कुडता, ओठ पांढरे पडलेले. हे सगळं ती मघापासून बघत होती. तिला यातलं काय कळलं कोण जाणे, पण तिनं पुढे येऊन वाटीकडे बोट केलं, मग आपल्या गालाकडे.

काशीनं सखूकडे बघितलं. सखूनं वाटी आपल्या हातात घेतली.

“नाव काय गो तुझं?”

मुलीला कळेना. सखूनं छातीवर हात ठेवला. “सखू.” मग जावेकडे बोट करून, “काशी.” मग त्या मुलीकडे.

मुलीनं नाव सांगितलं. सखूनं ते म्हणून बघितलं. मुलीनं हसून मान हलवली आणि पुन्हा सांगितलं. सखूनं पुन्हा म्हटलं. नाही जमलं. रंगमंचाकडून तिला कुणीतरी हाक मारली, भराभर हात हलवून बोलावलं, पण सखू तिचं मनगट सोडीना. तिसऱ्यांदा तिनं ओठ नीट गोल करून म्हटलं, “ल्युबित्सा.”

मुलीनं जोरात मान डोलावली. सखूनं मग दोन्ही गालांना हळद लावली आणि मनगट सोडलं.

मुलगी धावत रंगमंचावर गेली. सखू होती तिथेच, तारांच्या गुंडाळ्यांशेजारी फरशीवर बसली. काशीही गुडघे धरून तिच्याजवळ टेकली. बाहेर एकदम शांत झालं, आणि त्या मुलीचा बारीक, थरथरता सूर लागला.

“काय म्हणतेय गो ती?” काशीनं विचारलं.

“मना काय ठाऊक?” सखू म्हणाली. “ऐक तरी.”