काचेआडचा टेप

मी काचेच्या आतून बोलतोय, त्यामुळे माझा आवाज तुम्हाला थोडा दबलेला वाटेल. मी माप घ्यायचा टेप. आष्ट्यात प्रबुद्ध आणि साक्षी या नवराबायकोच्या घरी, पुढच्या खोलीतल्या शोकेसमध्ये मी राहतो. माझ्या एका बाजूला बुद्धाची छोटी मूर्ती आहे, दुसऱ्या बाजूला साक्षीला शाळेत मिळालेला कप. समोर काच. काचेपलीकडे दार, दारापलीकडे रस्ता आणि रस्त्याच्या पल्याड आमचं वर्कशॉप. तिथं लोखंडी गेट, खिडक्या, रॅक बनतात. कटरचा आवाज मला इथवर ऐकू येतो. लोखंड कापलं जातंय म्हणजे कुणीतरी आधी माप घेतलं असणार. ते मी घेतलेलं नसतं.

कोंडून राहणं मला तसं जन्मापासून ठाऊक आहे. कारखान्यात माझी पोलादी पट्टी पिवळी रंगवली, तिच्यावर आकडे छापले आणि मग ती स्प्रिंगला अडकवून गुंडाळून डबीत घातली. ओढलं की बाहेर, सोडलं की आत. वर पुन्हा प्लास्टिकचं पाकीट. त्या पाकिटात मी सांगलीच्या एका हार्डवेअरच्या दुकानात खिळ्याला लटकत होतो. येणारं गिऱ्हाईक हाताला लागेल तो टेप उचलायचं आणि निघून जायचं. टेप काय, सगळे सारखेच, असं बहुतेकांना वाटतं.

प्रबुद्धला तसं वाटत नव्हतं. तो आला तेव्हा साक्षी बरोबर होती. त्याला असा एकच टेप हवा होता, जो वर्कशॉपमध्येही चालेल आणि बाहेरच्या कामावरही. त्यानं दुकानदाराला पाकिटं फोडायला लावली आणि एकेक टेप हवेत आडवा सोडून बघायला लागला. बारीक पट्टीचे टेप थोडे बाहेर आले की मान टाकत. माझी पट्टी रुंद, मधोमध पन्हाळीसारखी वाकलेली. मी पार समोरच्या रंगाच्या डब्यांपर्यंत गेलो तरी वाकलो नाही. प्रबुद्धच्या तोंडावर हसू आलं. कामावर समोरचं टोक धरायला दरवेळी माणूस नसतो, हे त्याचं म्हणणं.

माझ्या टोकाची कडी थोडी हलते. दुकानदाराला वाटलं, ह्या खोटीमुळं हा टेप परत येणार. प्रबुद्धनंच त्याला सांगितलं की ती मुद्दाम सैल ठेवलेली असते. बाहेरून माप घेताना ती पुढं सरते, आतून घेताना मागं, तिच्या स्वतःच्या जाडीइतकी. माझ्या एका काठावर इंच होते, दुसऱ्यावर मिलिमीटर. गावातला माणूस फूट, इंच आणि सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, बोलतो, आणि इंजिनिअरचा नकाशा मिलिमीटरमध्ये असतो. आमच्या धंद्यात दोन्ही लागतात.

तरी निवड झाली ती साक्षीमुळं. तिनं मला स्वतःच्या हातात घेतलं, अंगठ्यानं लॉक दाबून पाहिला, परत सोडला. गिऱ्हाइकाशी बोलणं, माप लिहून घेणं, नकाशा काढणं ही तिची कामं. ती म्हणाली, "माझ्या बी हाताला बसतोय. हाच घ्या."

त्या दिवसापासून मी प्रबुद्धच्या कमरेच्या पट्ट्याला आलो. ते दिवस आठवले की काच आणखी जाड वाटते. उंब्रजला हायवेलगतच्या एका हॉटेलचा जिना, तासगावकडच्या द्राक्षबागांत बेदाणा वाळवायच्या शेडचे अँगल, आष्ट्यातल्या किती घरांच्या खिडक्या. कुणाच्याच घरात भिंत सरळ नसते. वरचं माप आणि खालचं माप कधी जुळत नाही. प्रबुद्ध घरमालकाला तसं बोलून दाखवायचा नाही, गेट बनवतानाच सांभाळून घ्यायचा. दुपारी जेवायला बसला की मला फडक्यानं पुसायचा. धूळ आत गेली की स्प्रिंग कुरकुरते, हे त्याला माहीत होतं. माझ्या आकड्यांवर त्याच्या हाताचा ग्रीसचा वास कायम असायचा.

मग तासगावचं ते काम आलं.

भरतेशअण्णा बेदाण्याचे व्यापारी. त्यांचं गावाबाहेर कोल्ड स्टोरेज होतं. नवा माल यायच्या आधी एका खोलीत रॅक बसवायचे होते, म्हणून त्यांनी प्रबुद्धला माप घ्यायला बोलावलं. खोली दाखवली, आणि सौद्याची वेळ झाली म्हणून ते बाजाराकडं निघून गेले. साक्षी त्या दिवशी वर्कशॉपवर होती.

खोली मोठी होती, रिकामी, जाड दाराची. प्रबुद्ध पार शेवटच्या कोपऱ्यात, एका खांबामागं वाकून माझं टोक भिंतीला लावत होता. तेवढ्यात मशीन चालवणारा माणूस दाराशी आला. खोली गार करून ठेवायची होती. त्यानं आत नजर टाकली, त्याला कुणी दिसलं नाही. त्यानं दिवा घालवला आणि दार ओढून घेतलं. दिव्याचं बटण बाहेर होतं. मशीन सुरू झालं आणि तो माणूस दुसऱ्या कामाला निघून गेला.

प्रबुद्ध आधी घाबरला नाही. हाक मारली, मोबाइलचा उजेड करून दारापर्यंत गेला. आतून दार उघडायला एक दांडा होता. तो त्यानं ढकलला. दांडा नुसता गरागरा फिरला, आत काही धरलंच नाही. फोन लावला, तर त्या जाड भिंतींच्या आत रेंज नव्हती. वरून गार हवा यायला लागली. मग तो दारावर हातानं मारायला लागला, मग बुटानं, मग माझ्या डबीनं. तिचा कोपरा तेव्हाच फुटला. बाहेर मशीनचा आवाज एवढा होता की आतली हाक भिंतीतच विरून जात असावी.

मी त्याच्या मुठीत होतो. त्याची बोटं आधी गरम होती, मग गार झाली. तो साक्षीचं नाव घेत होता, पण हाक मारावी तसं नाही, स्वतःशीच. मला वाटलं होतं की कोंडून राहणं म्हणजे काय ते मला समजतं. मला काही समजत नव्हतं. मी डबीत राहायलाच बनलोय. माणूस तसा बनलेला नाही.

मग त्यानं भिंतीकडेनं जमीन चाचपायला सुरुवात केली. फरशी धुतल्यावर पाणी बाहेर जायला कुठंतरी वाट असणार, असं त्याच्या डोक्यात आलं असावं. वाट सापडली. भिंतीच्या बुडाशी एक पाइप होता, गार हवा जाऊ नये म्हणून चिंध्यांनी बुजवलेला. त्यानं चिंध्या उपसल्या. पलीकडून उजेडाचा एक गोल आत पडला. तो पालथा पडून त्या भोकात ओरडला, पण मशीन त्याच बाजूला होतं. हात घालून पाहिला, मनगटाच्या पुढं जाईना.

तेव्हा त्यानं मला पाइपात सोडलं.

मी सरकत गेलो. पाइप संपला आणि उन्हात आलो. तिथं खाली गटार होतं, टेकायला काही नव्हतं. बारीक पट्टीचा टेप असता तर तिथंच मान टाकून गटारात पडला असता. मी हवेत सरळ राहिलो. प्रबुद्ध मला पुढं-मागं करत राहिला. पुढं, मागं. मी उन्हात आणि तो अंधारात, मधे ती भिंत.

पलीकडच्या शेडमध्ये बायका बेदाणा निवडत होत्या. त्यांतल्या बनाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई हात धुवायला नळावर आल्या. त्यांना भिंतीच्या बुडातून पिवळं, लांब काहीतरी वळवळताना दिसलं. त्यांना वाटलं धामण. त्यांनी एक दगड उचलला आणि नेम धरून मारला. नेम चांगला होता. माझी पट्टी मधेच वाकली, तिथं कायमची घडी पडली.

तो हिसका आत प्रबुद्धच्या हाताला कळला. त्यानं मला मागं ओढलं नाही, उलट आणखी पुढं सरकवलं. बनाबाई दुसरा दगड उचलणार होत्या, पण धामण मार खाऊन पळाली कशी नाही याचं त्यांना नवल वाटलं. त्या जरा जवळ आल्या. "सापाच्या अंगावर कवा आकडं असत्यात व्हय?" असं त्या पुटपुटल्या, आणि मग गुडघ्यावर बसून पाइपाला तोंड लावून म्हणाल्या, "आत कोन हाय रं?"

"मी हाय, मावशी. मिस्त्री. दार लागलंय."

"हितंच ऱ्हा लेकरा. आले मी."

दाराचा बाहेरचा लिव्हर जड होता. बनाबाई त्याला लोंबकळल्या तेव्हा तो खाली आला. प्रबुद्ध बाहेर उन्हात येऊन जमिनीवरच बसला. बनाबाईंनी स्वतःचा पदर त्याच्या खांद्याभोवती धरला आणि त्याचे हात चोळत बसल्या. मी त्याच्या शेजारी पडून होतो, फुटका आणि वाकडा, पूर्ण बाहेर.

भरतेशअण्णा सौद्यावरून आले तेव्हा सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. मोडका दांडा दुरुस्त करायचा राहिला होता हे त्यांनी लपवलं नाही. ते स्वतः गाडीनं प्रबुद्धला आष्ट्याला सोडायला आले. साक्षीपुढं त्यांना मान वर करता येईना.

साक्षीनं मला धुतलं, पुसलं आणि शोकेसमध्ये ठेवलं. प्रबुद्ध म्हणाला, "आता काय टेपाची पूजा करायची?"

"पूजा न्हाई करायची," ती म्हणाली. "पन ह्याला परत कामावर बी न्यायचा न्हाई."

तिचं प्रेम मला कळतं. पण टेपाला मान नको असतो. पाहुणे आले की साक्षी मला दाखवते. ते काचेवर बोट ठेवून हळहळतात, चहा पितात आणि जातात. मला कुणी हात लावत नाही.

आणि मी एकटाच अडकलो नव्हतो. प्रबुद्ध त्या दिवसापासून बाहेरच्या कामावर जाईना. वर्कशॉपचं शटर अर्धंही खाली घेऊ देईना. वेल्डिंग अंगणात, भर उन्हात करायचा. अंघोळीच्या खोलीला कडी लावायची नाही, लग्नाच्या हॉलमध्ये दाराजवळ उभं राहायचं. बाहेरची मापं साक्षी घेऊन यायची, वर्कशॉपच्या साध्या टेपानं. गिऱ्हाइकं विचारायची, मिस्त्री कुठं आहेत. ती सांगायची, काम आहे. मी काचेतून त्याच्याकडं बघायचो. त्याला मागं ओढणारी स्प्रिंग कुठं बसली होती, ते मला दिसत होतं.

नंतर भरतेशअण्णा परत आले. नवा दांडा बसवला, आत दिव्याचं बटण घेतलं, घंटा लावली, असं सांगितलं. रॅकचं काम अजून कुणाला दिलेलं नव्हतं. प्रबुद्धनं मान हलवून नकार दिला. अण्णांनी आग्रह केला नाही. ते गेल्यावर साक्षी शांतपणे म्हणाली, "मग मी जाते. माप मीच घेते."

प्रबुद्ध उठला. एकदा बाहेर जाऊन आला. मग म्हणाला, "तू आत जायाचं न्हाई. मी जातो. तू दारात थांब."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना तो शोकेसपाशी आला. त्यानं काच सरकवली आणि मला हातात घेतलं. किती दिवसांनी तो अंगठा लॉकवर आला. त्यानं मला हवेत आडवं सोडलं. मी जीव तोडून सरळ राहायचा प्रयत्न केला, पण दगडानं पडलेल्या घडीपाशी आलो आणि तिथून खाली लोंबलो. त्यानं पट्टी गोळा केली, माझ्या फुटक्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि मला जागेवर ठेवलं. काच लावली. वर्कशॉपचा साधा टेप कमरेला अडकवून तो निघाला.

तो दिवस मी कसा काढला ते सांगत बसत नाही. तुम्ही कधी टेप घ्यायला गेलात तर दुकानात उभं राहून वेळ काढा, हवेत सोडून बघा, हातात धरून बघा. आणि तो जुना झाला, वाकला, तर त्याला शोभेला ठेवू नका. मोडीत जाऊ द्या, वितळू द्या, त्यातून दुसरं काही घडू द्या. एवढंच माझं मागणं आहे.

संध्याकाळी दोघं परत आले. साक्षीच्या हातात बनाबाईंनी दिलेली बेदाण्याची पुडी होती. प्रबुद्ध चपला काढून उंबऱ्यावर बसला. शेजारच्या समीक्षावहिनींनी येऊन विचारलं, झालं का माप.

"झालं," तो म्हणाला. "ही दारात हुती. हिला म्हनलं, सर बाजूला. आत गेलो, दार मीच वडून घेतलं. आन मीच उघडलं."

साक्षीनं पुडी सोडून बेदाणे त्याच्यापुढं धरले. तो एकेक खात बसला, रस्त्याकडं तोंड करून. मी काचेआडून त्याची पाठ बघत होतो.