यादीबाहेरच्या बायका

चीनच्या किनाऱ्याला खेटून असलेल्या, पण तैवानच्या ताब्यातल्या किनमेन बेटावर मुलीला सोळावं लागलं की गावच्या कचेरीतल्या यादीत तिचं नाव चढायचं आणि हातात बंदूक यायची. यादीतून सुटायच्या वाटा दोनच. लग्न होऊन दिवस गेले तर, नाहीतर पस्तिशी पूर्ण झाली तर. त्यामुळे बेटावर पोरी भराभर उजवल्या जात. यादीत राहता यावं म्हणून तीन चांगली स्थळं मोडणारी बाई अख्ख्या बेटावर एकच होती, बीखिम. गाव तिला बंदुकीची नवरी म्हणायचा. गावाला काय, तोंड दिलंय देवानं.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलून दाखवत नसे. बीखिम सात वर्षांची असताना तिची आई मामाच्या लग्नाला होडीनं पलीकडे माहेरी गेली. चार दिवसांत येते म्हणाली. बीखिमच्या अंगावर गोवर होता म्हणून तिला मागे ठेवलं. त्याच आठवड्यात लढाई पेटली, होड्या बंद झाल्या, त्या बंदच राहिल्या. ओहोटी लागली की समोरचा किनारा अगदी हाक मारावी इतका जवळ दिसे, आणि एकाआड एक दिवस तिकडून तोफा वाजत. उत्तरेच्या टोकाला वाळूत सुरुंग पेरलेले. तिथं पाय ठेवायची मुभा फक्त पहाऱ्यावरच्या माणसांना. आईचा किनारा बघायचा तर यादीत नाव हवं, दुसरा रस्ता नव्हता.

आणि आता पस्तिशी पूर्ण होत होती. बीखिम कचेरीत यादी सांभाळणाऱ्या थिअमकाकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, माझं नाव आणखी थोडे दिवस राहू द्या."

थिअमकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, बाया रडत येतात इथं, नाव काढा म्हणून. ठेवा म्हणणारी तू पहिलीच."

"एकच वर्ष. जन्मसाल लिहिताना चुकलं म्हणून सांगा."

"तुझ्या आईचं बाळंतपण माझ्या आईनं केलंय, पोरी. काय लिहू? वर्षभर उशिरा जन्मलीस म्हणून?" मग तिचा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. "माझ्या हातात असतं तर जन्मभर ठेवलं असतं गं. तीस तारखेला बंदूक जमा कर."

तीस तारखेची सकाळ. शेवटचा पहारा. जोडीला शेजारची गोकसी होती. एकोणीस वर्षांची, पुढच्या महिन्यात लग्न ठरलेली, तोंड क्षणभर मिटत नसे. रताळ्याची थंडगार पेज डब्यातून पीत ती म्हणाली, "ताई, खरं सांग. बायकांना असं सक्तीनं यादीत घालावं का?"

"तुला कुणी विचारलं?"

"तेच तर! विचारलंच नाही कुणी. तैवानातल्या पोरी केस कुरळे करून सिनेमाला जातात. तिथं सक्ती काय ती भावांना. आपण कुणाचं घोडं मारलंय?"

बीखिमनं खांद्यावरचा पट्टा सारखा केला. या पोरीच्या वयात खांद्यावर बंदुकीचा वळ कशाला हवा, हे तिलाही कळत होतं. पण ती सक्ती नसती तर तिला स्वतःला हा समुद्र कुणी बघू दिला असता?

"तुझ्यासाठी विचारशील तर नको," ती म्हणाली. "माझं विचारू नकोस."

मग तिनं खंदकातली दुर्बीण उचलली. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. सुरुवातीला ती समोरच्या वाळूत चाळिशीची बाई शोधायची. मग पन्नाशीची. आता साठीला टेकलेली, कदाचित वाकलेली, केस पिकलेली. दरवर्षी ती मनातल्या मनात आईला एका वर्षानं म्हातारी करायची. आई डावखुरी होती. कालवं फोडताना हत्यार डाव्या हातात धरायची. तेवढी एकच खूण बीखिमकडे होती.

समोर पाणी ओसरलं होतं. पलीकडच्या वाळूत दहाबारा बायका रांगेनं आल्या, त्यांच्याही खांद्यावर बंदुका. पहारा बदलत होता. सगळ्या तरण्याताठ्या.

गोकसीनं दुर्बीण ओढून घेतली. "अय्या, आपल्यासारख्याच की गं! यांचीही नावं पस्तिशीला काढत असतील, नाही?"

ती सहज बोलून गेली. बीखिम मात्र वाळूच्या पोत्यावर बसली. तिनं बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला. ती पहिल्यांदा इथं उभी राहिली त्या दिवशी आई अडतीस वर्षांची होती. तिकडे खरंच असाच नियम असेल, तर आईला त्या वाळूवर कधी कुणी येऊच दिलं नसणार. एकोणीस वर्षांत एकदाही नाही. जिथं आई असूच शकत नव्हती, नेमकी तीच जागा ती डोळे फाडून बघत आली होती.

"ताई, काय झालं? रडतेस होय?"

"वारा आहे," बीखिम म्हणाली.

दुपारी तिनं बंदूक जमा केली. थिअमकाकांनी नावावर रेघ मारताना तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी पाय आपसूक उत्तरेकडे निघाले, आणि काटेरी तारेपाशी थांबले. तारेच्या अलीकडे, गावाच्या वेशीवर वारा अडवतो म्हणून गाव ज्याला पुजायचा तो दगडी सिंह उभा होता. त्याच्या पायाशी तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकोणीस वर्षं बीखिम बंदूक घेऊन त्यांच्या शेजारून जात होती. म्हाताऱ्या उन्हाला बसतात, असंच तिला वाटायचं.

"सुटलीस एकदाची?" त्यांतली एक म्हणाली आणि जरा सरकली. "बस."

पुढे वाळूची टेकडी आडवी होती. समुद्राचा नुसता आवाज येत होता.

"आजी, इथून दिसतं काय?"

"दिसत काही नाही गं. माझा धाकटा तिकडे राहिलाय. वारा तिकडून येतो, म्हणून बसते."

बीखिम तिच्याजवळ टेकली. आई कुठं असेल ते आज तिला पहिल्यांदाच नीट कळलं. पलीकडेही अशाच कुठल्यातरी टेकडीमागे, तिथल्या तारेबाहेर, यादीबाहेरच्या बायकांत, तोंड इकडे करून. तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला आणि चेहरा वाऱ्याकडे केला.