टापूवरची पाहुणेपट्टी

"मटण रांधाले हाच डोंगा भेटला त्याईले? चुलीची जागा आहे का हे?" माझ्या बुडाची जळकी फळी तासता तासता नावाडी मंगरू पुटपुटत होता.

मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे, लाकडी होडी. वैनगंगेच्या मधोमध आमचा तीस घरांचा टापू आहे. तिथे यायला माझ्याखेरीज वाट नाही. एकाहत्तर साली मंगरूच्या बापाने सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं. तेव्हापासून आजारी माणसं, धानाची पोती, नव्या नवऱ्या, सगळ्यांना मी पार नेलं. त्याबद्दल खळं झालं की घरटी सूपभर धान मंगरूला मिळतं. माहेरी येणाऱ्या लेकीकडून मात्र काही घ्यायचं नाही. ती माझ्या नाकावर ओंजळभर पाणी घालते, मग पाय ठेवते. तेवढ्यावर मी खूश.

चार वर्षांपूर्वी शहरातून सहली येऊ लागल्या. लोकांनी माझे फोटो काढले. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू? मग धानाच्या बांध्यांमध्ये बाटल्या फुटू लागल्या. रोवणीत रुखमाचा पाय कापला. आणि परवा तर भर पात्रात माझ्या पोटात स्टोव्ह पेटवला! कसाबसा घाटाला लागलो, तोवर बुडाच्या फळीला भोक! मी लाकडाचा आहे हो. एवढ्या शिकलेल्या माणसांना हे कळू नये?

म्हणून सरपंच भय्याजींनी घाटावर सभा बोलावली. मी पालथा पडलेलो, ते माझ्याच पाठीवर बसले.

"बाहेरच्यानं माणशी आठ आणे पाहुणेपट्टी द्याची. त्यातून घाटावर स्वागताची कमान उभी करू."

कमान! माझ्या बुडाला भोक, आणि यांना कमान!

"बाहेरचा म्हणजे कोण?" म्हाताऱ्या यादोरावांनी विचारलं.

"रेशनकार्डात नाव नाई, तो बाहेरचा."

"अन् तुमच्या घरी येणारे तालुक्याचे साहेबलोकं?"

"ते कामानं येतात. त्याईले माफी."

यादोराव आपल्या चपलांकडे पाहू लागले. बाकीचे नदीकडे. स्टोव्ह कोणाच्या घरून आला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर जास्तच, मीच तो वाहिला होता.

गोदावरीबाई उठली. तिची लेक आसगावला दिलेली, पुढच्या आठवड्यात बाळंतपणाला यायची होती.

"माह्या सुगंधेचं नाव लगन झाल्यावर तुमीच कार्डातून कापलं, भय्याजी. आता पोटुशी पोर माहेरी येईन, तर तिनं पट्टी द्याची? अन् येईन तरी कायच्यात? या फुटक्या डोंग्यात?"

"नियम सगळ्याईले सारखा, काकू."

मित्रांनो, लाकडाला तोंड नसतं. म्हणून कुठे जळकी फळी दिसली, तर ती कोणी जाळली हे तुम्हीच विचारत जा. विचारलं नाही, तर आम्ही गुमान बुडतो, आणि आमच्यासोबत तुमची माणसंही.

गोदावरीबाईने माझ्या भोकावर हात ठेवला.

"उठा या डोंग्यावरून. तुमच्याच साहेबाईनं जाळला हा, तुमच्याच स्टोव्हनं. फळी तुमी आणा, भय्याजी. माह्या लेकीले पट्टी मांगू नका."