नंतर टाकू

पाचव्यांदा पडद्यावर तीच चौकट आली. ‘तयारी पूर्ण होऊ शकली नाही.’ आणि खाली बटण : ‘ठीक आहे’.

“ह्यात ठीक काय आहे, ते तरी सांग,” नकारताई संगणकाला म्हणाली आणि बटण न दाबताच खुर्ची मागे सरकवून बसली.

रुग्णालयाच्या तळघरातली ती खोली. एका भिंतीशी चाळीस नवे संगणक खोक्यांत, समोरच्या भिंतीशी चाकं गेलेल्या खाटा, आणि मधल्या टेबलावर नमुन्याचा एक संगणक. अठरा वर्षं ती इथे कंत्राटावर होती. तपासल्याशिवाय कुठल्याच कागदावर सही करायची नाही, म्हणून वरच्या कारकुनांनी तिचं बारसं पुन्हा केलं होतं. सुरुवातीला तिला राग यायचा. आता ती फोनवरसुद्धा “नकारताई बोलतेय” म्हणायची.

काम तसं सरळ होतं. एक संगणक सगळ्या गोष्टींनिशी नीट लावायचा, त्याची स्वतःची ओळख पुसायची आणि मग त्याची नक्कल बाकीच्यांवर उतरवायची. ओळख न पुसता नक्कल केली तर चाळीसही यंत्रं एकाच नावाला ओ देतात आणि तिसऱ्या मजल्याचा रिपोर्ट पहिल्या मजल्यावर छापून येतो. घोडं अडलं होतं ते या पुसण्यातच.

यंत्र काय काय करत गेलं याची नोंद ते स्वतःच लिहीत असतं. साडेचार हजार ओळी. ती खालून वर वाचत निघाली. चूक कबूल करायची वेळ शेवटी शेवटीच येते, यंत्रांचीही आणि माणसांचीही, हा तिचा अनुभव. चहा निवला, त्यावर साय धरली, तेव्हा ओळ सापडली. एक पॅकेज एकाच वापरकर्त्यासाठी बसवलेलं आहे, सर्वांसाठी नाही.

पॅकेजचं नाव अर्धं आकड्यांत होतं, पण तिने ते ओळखलं. पडद्यावरचा मजकूर आपल्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज. पुरवठादाराच्या माणसाने घाईत तो स्वतःच्या नावाखाली बसवला होता आणि निघून गेला होता.

तेवढ्यात साहेब जिना उतरून आले. संगणक विभागाचे प्रमुख, पण तळघरात यायचं म्हणजे नाकाला रुमाल लावून.

“झालं का, मॅडम? सोमवारी दहाला अध्यक्ष फीत कापणार आहेत.”

“कारण सापडलं. वाचणारा आवाज एकाच्याच नावावर बसलाय.”

“मग काढून टाका. दोन मिनिटांचं काम.”

“काढायला दोनच मिनिटं. पण मग चाळीसांतल्या एकाही मशीनवर तो राहणार नाही. सगळ्यांसाठी बसवायचा तर नमुना पहिल्यापासून लावावा लागेल. उद्याचा दिवस जाईल.”

“अहो, तो आवाज लागतो कुणाला? एका माणसाला! त्याच्या मशीनवर नंतर टाकू.”

‘नंतर टाकू’ हे शब्द तिने याच खोलीत, याच तोंडून पाच वर्षांपूर्वी ऐकले होते. तेव्हाही असंच अडलं होतं, तेव्हाही उद्घाटन होतं. तिने आवाज काढून टाकला होता, स्वतःच्या हाताने, आणि ‘सर्व सुविधांसह तयार’ या ओळीखाली सही केली होती. अठरा वर्षांत केलेली ती एकच खोटी सही. नंतर तो टाकायला ना परवानगी मिळाली, ना कुणाला सवड झाली. तिने दोनदा अर्ज केला आणि मग तीही गप्प बसली.

तो एक माणूस म्हणजे चौकशीच्या खिडकीवर बसणारा कारकून. सगळे त्याला चौकशीभाऊ म्हणत. एकोणिसाव्या वर्षी त्याची नजर गेली. पण पावलांच्या आवाजावरून कोण आलं हे तो सांगायचा आणि अख्ख्या रुग्णालयाचे फोन नंबर त्याला तोंडपाठ. मात्र पाच वर्षं पडद्यावरचं वाचायला त्याला शेजारच्या लिपिकाचं तोंड बघावं लागायचं. त्या लिपिकाने एकदा भलतीच ओळ वाचली. बाळंतीण तळमजल्यावर, आणि तिची म्हातारी आई चौथ्या मजल्यापर्यंत जिने चढत राहिली. मेमो मिळाला तो चौकशीभाऊला.

“साहेब, मी तो आवाज काढणार नाही,” नकारताई म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे काढणार नाही. उद्या-परवा येऊन नमुना नव्याने लावते. जेवढी होतील तेवढी यंत्रं सोमवारी चालू करू.”

साहेबांनी खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला. सर्व सुविधांसह तयार. खाली सहीची जागा.

“यावर सही करा. बाकीचं मी बघतो.”

तिने पेन घेतलं. साहेबांचा चेहरा जरा सैल झाला. तिने ‘तयार’च्या पुढे ठळक अक्षरांत ‘नाही’ लिहिलं, कारण लिहिलं, आणि मग झोकात सही केली.

साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. “तुमचं कंत्राट या महिनाअखेरीला संपतंय, लक्षात आहे ना?”

“माझंच कंत्राट आहे साहेब, मी कसं विसरेन?”

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “एक सही केली असतीस तर हात झिजला असता का? ह्याची कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली. चार पोरांच्या शिकवण्यांवर घर चालतं का?”

नवरा दुसऱ्या खोलीत पोरांच्या वह्या तपासत होता. तो तिथूनच म्हणाला, “आई, मागच्या वेळी केली होती सही. तेव्हा महिनाभर ही धड जेवली नव्हती. आठवतंय?”

सासूबाई पुटपुटत स्वयंपाकघरात गेल्या. पण शनिवारी सकाळी डबा नेहमीपेक्षा जड लागला.

चौकशीभाऊलाही तिने बोलावून घेतलं होतं. तो काठी टेकत जिना उतरला आणि खोलीत शिरताच म्हणाला, “ताई, इथे उंदीर मेलाय की साहेब येऊन गेले?”

ती हसली. मग मात्र तिने हसणं आवरलं. “भाऊ, एक सांगायचंय. पाच वर्षांपूर्वी तुमचा आवाज मीच काढला होता.”

“ठाऊक आहे.”

“कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. त्याआधी रोज खिडकीशी थांबायचात, त्यानंतर भराभरा पुढे जायला लागलात. चपला त्याच, चाल वेगळी.” तो खुर्ची चाचपत बसला. “मेमो आला त्या दिवशी तुमचा फार राग आला होता. अजून थोडा शिल्लक आहे. चला, कामाला लागा.”

नेटवर्कची वायर काढून तिने पहिल्यापासून सुरुवात केली. एकेक गोष्ट बसवली आणि या वेळी आवाज सर्वांच्या नावे घातला. दुपारी तिने कळफलक चौकशीभाऊपुढे सरकवला. त्याने दोन-चार कळा दाबल्या. आवाज बोलला, जरा नाकात, पण स्वच्छ. चौकशीभाऊने तो तीनदा ऐकला.

“‘क्षयरोग’ला ‘शेरोग’ म्हणतो हा,” तो म्हणाला. “चालेल. आमचे डॉक्टरही तसंच म्हणतात.”

मग तिने ओळख पुसायची आज्ञा दिली. पडद्यावरची रेघ पुढे सरकत होती. सकाळपासून दुखणारी मान तिला आत्ता जाणवली. यंत्र आपोआप बंद झालं. चौकट आली नाही.

“गप्प झालं,” चौकशीभाऊ म्हणाला. “चांगलं की वाईट?”

“चांगलं, भाऊ. चांगलं.”

आठ-आठ यंत्रांवर नक्कल उतरवायची होती. शनिवारी एक फेरी झाली, रविवारी तीन. पाचवी लावणार तोच पहारेकरी किल्ल्या वाजवत आला. सहानंतर तळघराला कुलूप, साहेबांची ताकीद होती. तिने खूप हुज्जत घातली. तो बिचारा हात जोडत राहिला, पण हलला नाही.

सोमवारी बत्तीस पडदे उजळले आणि आठ काळे राहिले. अध्यक्षांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि त्यांचं लक्ष गेलं ते नेमकं त्या आठांकडे.

“हे बंद का?”

साहेब पुढे झाले. “आमच्या तंत्रज्ञ मॅडमनी ऐनवेळी—”

“मी सांगते,” नकारताई मागून म्हणाली. सगळ्यांच्या माना वळल्या. “उद्यापर्यंत तेही चालू होतील. उशीर मी जाणूनबुजून केला. चुकीची तयारी वेळेवर देण्यापेक्षा बरोबर तयारी उशिरा दिली.”

अध्यक्षांनी मान हलवली, ती होकाराची की कंटाळ्याची ते कुणालाच कळलं नाही, आणि ते चहाकडे वळले. चौकशीच्या खिडकीपुढे रांग लागली होती. चौकशीभाऊ एका कानात इअरफोन घालून, शेजारच्याकडे तोंडही न वळवता, खाटेचे नंबर सांगत होता.

मंगळवारी दुपारपर्यंत उरलेले आठही चालू झाले. बुधवारी साहेबांनी तिला वर बोलावलं. या वेळी रुमाल नव्हता आणि सूरही नरम होता.

“मला तुमचं वाईट करायचं नाही. चार ओळींचं पत्र द्या. उशीर माझ्या चुकीमुळे झाला, पुन्हा होणार नाही. कंत्राट वाढवून देतो.”

तिने कोरा कागद मागितला. तिथेच, त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, लिहायला बसली. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

पत्र त्यांच्या हाती आलं ते असं : ‘पाच वर्षांपूर्वी चौकशी विभागाच्या संगणकांमधून वाचणारा आवाज मी काढला आणि सर्व सुविधा असल्याची खोटी सही केली. ती चूक माझी. त्यापायी चौकशीच्या खिडकीवरील कारकुनाला मिळालेला मेमो रद्द करावा. या सोमवारी झालेला उशीर ही चूक नव्हती. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उशीर करीन.’

साहेबांचा चेहरा उतरला. “हे मी घेऊ शकत नाही. मेमोवर सही माझी आहे.”

“ठाऊक आहे. म्हणूनच नका घेऊ. मी आवक विभागात देते.”

“मॅडम, विचार करा. अठरा वर्षं झालीत.”

“विचार करूनच लिहिलंय, साहेब. पाच वर्षं करत होते.”

आवकच्या टेबलापुढे तीन माणसं होती. ती रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिथल्या कारकुनाने पत्र वाचलं, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “नक्की देऊ का नंबर? एकदा वहीत चढलं की काढता येत नाही.”

“म्हणूनच आलेय.”

त्याने वहीत नंबर टाकला. तिने दुसरी प्रत पुढे केली. “यावर पोच द्या.”

शाई वाळत आली होती. त्याने शिक्का दोनदा गादीवर दाबला, एकदा कागदावर. तो जरा तिरपा उमटला, पण तारीख वाचता येत होती. ओली अक्षरं पुसू नयेत म्हणून तिने कागदाची घडी घातली नाही. तो तसाच उघडा, दोन्ही हातांत धरून ती जिना उतरू लागली.