तिसरी वायर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या वस्तादांचा एक नियम होता आणि तो ते कुणी विचारलं नाही तरी सांगत. लिफ्टच्या मशीन रूममधून खाली उतरण्याआधी खिशातल्या वायरी मोजायच्या. तीन म्हणजे तीन. दोनच भरल्या तर जिना उतरायचा नाही, खाली साक्षात देव वाट बघत उभा असला तरी.

या वायरी म्हणजे वीतभर लांबीचे तुकडे, दोन्ही टोकांना चिमटे. दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही, एवढी अक्कल दाराच्या लॉकमध्ये असते. दुरुस्ती करताना कधीकधी ते लॉक चुकवून लिफ्ट हलवून बघावी लागते. तेवढ्यापुरती ही वायर मशीन रूममधल्या पॅनेलमध्ये लावायची, काम झालं की काढायची. काढायची राहिली तर लिफ्ट उघड्या दारानिशी चालते आणि कुणी आत पाय टाकायला आणि ती वर जायला एकच गाठ पडते. तीस वर्षांत वस्तादांची एकही वायर कुठे राहिली नव्हती. स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय हे मात्र त्यांना कधी सांगता आलं नाही, पण ते जाऊ दे.

वहिनींना हे सगळं तोंडपाठ होतं. वहिनी म्हणजे वस्तादांची बायको. धंद्यातले सगळे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून आपणही म्हणू. घरी मशीनवर लोकांचे कपडे मापाचे करून द्यायचं त्यांचं काम. काळ्यानिळ्या जंजाळात चटकन दिसाव्यात म्हणून वायरींना लाल फिती त्यांनीच शिवल्या होत्या. आणि रोज संध्याकाळी शर्ट धुवायला टाकण्याआधी खिसा चाचपून त्या तीन वायरी टेबलावर काढून ठेवायच्या, हे लग्नापासूनचं.

त्या मंगळवारी वस्ताद साडेबारालाच घरी आले. स्कूटर नीट स्टँडवर लावली, हात धुतले आणि म्हणाले, "अगं, किती वाजले? मी आज कामावर गेलो नाही का?"

"आत्ताच तर आलात की."

"असं होय," म्हणत ते खुर्चीत बसले. दोन मिनिटं गेली. "अगं, किती वाजले? मी आज कामावर गेलो नाही का?"

वस्तादांना चेष्टेची खोड होती, त्यामुळे वहिनी पहिल्यांदा हसल्या, दुसऱ्यांदा वैतागल्या. चौथ्या वेळी तेच शब्द अगदी त्याच सुरात आले तेव्हा त्या उठल्या. शेजारच्यांची गाडी काढून त्यांनी वस्तादांना हॉस्पिटलात नेलं.

तिथली डॉक्टरीणबाई शांत होती. तिने वस्तादांना नाव विचारलं, धंदा विचारला, बायकोकडे बोट दाखवून ही कोण ते विचारलं. सगळं बरोबर आलं. मग बाहेर येऊन म्हणाली, "हा झटका वेगळा असतो. जुनं सगळं शाबूत, पण काही तास नवीन काहीच डोक्यात टिकत नाही. बहुतेक संध्याकाळपर्यंत ठीक होतील. आजची सकाळ मात्र त्यांना परत मिळायची नाही."

"न मिळू दे," वहिनी म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला. एक सकाळ गेली तर गेली.

तेवढ्यात नर्सने वस्तादांचा शर्ट घडी करून वहिनींच्या हातात दिला. हात सवयीने खिशात गेला. दोन वायरी निघाल्या.

वहिनींनी पँटचे खिसे बघितले, पिशवी उलटी केली. दोनच. त्या कॉटजवळ गेल्या आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाल्या, "अहो, वायर एक कमी आहे."

वस्तादांचा चेहरा पांढराफटक पडला. सकाळ गेली होती, पण नियम जागच्या जागी होता. ते उठून बसले. "कुठल्या बिल्डिंगीत होतो मी?"

"ते तुम्हीच सांगायचं."

"मला सकाळच आठवत नाहीये." त्यांनी वहिनींचं मनगट धरलं. "अगं, कुणीतरी मरेल. माझे कपडे दे."

वहिनींनी त्यांना कसंबसं आडवं केलं. ते डोळे मिटून, ओठ हलवत एकेक बिल्डिंग आठवत राहिले. मग डोळे उघडले, चेहरा निवळला आणि ते म्हणाले, "अगं, किती वाजले? मी आज कामावर गेलो नाही का?"

वहिनींनी पुन्हा विचारलं. न विचारून करतात काय? वायर कमी आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पुन्हा तसाच पांढरा झाला, पुन्हा तेच मनगट, तेच कपडे दे. तिसऱ्या खेपेला ते रडले. तीस वर्षांत वहिनींनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. दर वेळी ते विसरून मोकळे होत आणि वहिनींच्या मनात मात्र तिन्ही वेळा साठून राहिल्या. चौथ्यांदा विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

कामाची वही ठेवा, असं त्या किती वर्षं कानीकपाळी ओरडत होत्या. त्यावर वस्तादांचं उत्तर ठरलेलं, "माझं डोकं हीच माझी वही." आता ती वही कोरी पडली होती.

वहिनींनी त्यांचा फोन घेतला. सकाळचे तीन नंबर होते. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी पहिला लावला. एका दवाखान्याचा होता. तिथे वस्ताद गेलेच नव्हते, वर दोन शब्द ऐकून घ्यावे लागले. दुसरीकडे ते नऊला गेले होते, एक बटण बदलून पाच मिनिटांत निघाले होते. तिसरा नंबर एका वॉचमनने उचलला.

"आले होते ना वस्ताद! काय हात आहे वहिनी त्यांचा. आठ दिवस दुसऱ्या मजल्याचं दार नीट लागत नव्हतं आणि लिफ्ट रुसून बसत होती. आता दार लागो न लागो, सुरू आपली."

वहिनींनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. "दादा, लिफ्ट बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"इतकी छान चाललीय आणि बंद?"

"त्यात वायर राहिलीय. कुणाचा तरी जीव जाईल."

"हे बघा, चेअरमनना विचारल्याशिवाय मला हात लावता येत नाही. त्यांच्या आईच निघाल्यात चौथ्या मजल्यावरून, काठी घेऊन. अर्ध्यात अडकल्या तर माझी नोकरी जाईल." मग जरा नरमून म्हणाला, "राग मानू नका, पण वस्तादांनी सांगितलं तर करतो. त्यांना द्या फोन."

वहिनी आत धावल्या. वस्ताद म्हणाले, "अगं, किती वाज—"

"एक लिफ्ट उघड्या दाराने चालतेय. वॉचमन आहे फोनवर. काय करायचं ते सांगा त्याला."

वस्तादांनी फोन घेतला आणि तीस वर्षांच्या सवयीचा आवाज लागला. "ऐक. आधी ओरडून सांग, लिफ्टमध्ये कुणी पाय टाकू नका. आत कुणी आहे? बाई आहेत? खाली येऊ दे. हात धरून बाहेर घे. घेतलंस? आता मीटरच्या खोलीतला मोठा खटका खाली कर. केलास? खोलीला कुलूप लाव, चावी तुझ्या खिशात. मी येईपर्यंत कुणाच्या बापालाही द्यायची नाही."

त्यांनी फोन परत दिला. थोड्या वेळाने वस्तादांनी विचारलं, "कुणाचा फोन होता?"

"राँग नंबर," वहिनी म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

वस्तादांचा धाकटा भाऊही याच धंद्यातला. वहिनींनी त्याला फोन करून त्या बिल्डिंगीत पाठवलं. पाचच्या सुमारास तो तिसरी वायर घेऊन आला. पॅनेलमध्येच होती, लाल फितीमुळे लगेच दिसली. सहानंतर वस्तादांनी एकदाच वेळ विचारली आणि पुन्हा विचारली नाही. मग वहिनींनी त्यांना सगळं सांगितलं.

ते वायर हातात धरून बसले. "मी मोजल्या नसतील का गं?"

"मोजल्या असतील. पण मोजल्याचं टिकलं नसेल. आणि बाईंना वाचवलंत तुम्हीच."

"ते तू सांगतेस," वस्ताद म्हणाले. "वायर राहिली ते आणि बाई वाचल्या ते, मला दोन्ही ऐकीवच."

आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईने कामावर जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. हे सहसा पुन्हा होत नाही, असंही म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तादांनी शर्ट घातला, बूट घातले, टेबलावरून वायरी उचलल्या. "तीन ना गं?"

"तीन."

दाराशी थांबून त्यांनी खिशावर हात ठेवला. "तीन ना गं?"

"तीनच आहेत."

ते जिना उतरले. वहिनी स्कूटरचा आवाज येण्याची वाट बघत राहिल्या. तो आला नाही. पायऱ्यांवर पावलं वाजली आणि वस्ताद पुन्हा दारात उभे. "तीन ना गं?"

तेच शब्द, तोच सूर. वहिनींनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. ही काळजी की पुन्हा तोच झटका, काही कळेना.

"अहो," त्या म्हणाल्या, "आज वार कोणता?"

"बुधवार," वस्ताद म्हणाले. बरोबर होतं. पण वार का विचारला, तेही त्यांना कळलं. ते खुर्चीत बसले, खिशातून वायरी काढून टेबलावर ठेवल्या आणि वाकून बुटाची नाडी सोडू लागले.

"मी आपलं नुसतं विचारलं हो," वहिनी म्हणाल्या.

"मीही नुसतंच विचारत होतो," वस्ताद म्हणाले आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.