बुटाच्या पॉलिशचा आकडा

मित्रांनो, ताडपत्री उचलून नाक मुरडण्याआधी जरा थांबा. मी भंगार नाही. मी एक जुने इंजिन आहे, आठ सिलिंडरचे, आणि केंटकीच्या डोंगरातल्या या गॅरेजच्या कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर बसलो आहे. समोर माझी गाडी उभी आहे. तिच्या पोटात आता दुसरेच इंजिन आहे. ते दिसले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला नवल वाटायला नको.

एका मोठ्या कारखान्यात वितळलेल्या लोखंडातून मी जन्मलो. त्याच दिवसांत तिथेच ती तयार होत होती, दोन दारांची, लांब नाकाची, गडद हिरवी. तिच्या अंगावर ठोकलेला क्रमांक आणि माझ्या अंगावरचा क्रमांक जुळतो. त्या नव्या धुडाचा जुळत नाही. हे लक्षात ठेवा.

खाणीतली यंत्रे दुरुस्त करणाऱ्या व्हर्लिन स्टॅम्परने आम्हाला तरुणपणी विकत घेतले. आठवडाभर मी त्याला खाणीवर नेत असे, शनिवारी शर्यतीला आणि रविवारी चर्चला. त्याचे लग्न झाले तेव्हा मागे डबे बांधून मीच नवरानवरीला फिरवले. पुढे एका हिवाळ्यात त्याच्या बायकोची, ओलीटाची, आई डोंगरापलीकडे अखेरच्या घटका मोजत होती. बर्फाने सगळ्यांच्या गाड्या अडकल्या होत्या. मी मात्र धापा टाकत, घसरत वर चढलो. आई शुद्धीवर होती तेवढ्यात ओलीटा पोहोचली. उतरल्यावर तिने माझ्या बॉनेटवर हात ठेवला होता. तो हात मी विसरलेलो नाही.

आमच्याकडच्या शर्यतीची रीत तुम्हाला सांगायला हवी. पाव मैलाची सरळ पट्टी, सुटण्याचा इशारा देणाऱ्या दिव्यांचे एक झाड आणि दोन गाड्या. पण जो आधी पोहोचतो तोच जिंकतो असे नाही. आपली गाडी किती वेळात जाईल, तो आकडा प्रत्येकाने आधीच काचेवर लिहायचा. हळू गाडीला दिवा आधी मिळतो. स्वतःच्या आकड्यापेक्षा जलद गेलात तर मात्र तुम्ही बाद, मग पुढे असा की मागे. आकडा म्हणजे दिलेला शब्द. आमच्या काचेवर तो ओलीटा लिहीत असे, पांढऱ्या बुटाच्या पॉलिशने. ती पट्टीवर उभी राहून हवा गालावर घेई, डोळे बारीक करी आणि लिही. मीही तिचा शब्द कधी खाली पडू दिला नाही.

इतके सगळे सुरळीत चालले असताना दृष्ट लागली. शेजारच्या खोऱ्यातल्या डॉयल प्रूइटने नवी गाडी बांधली. तंबाखूची शेती करणारा हा माणूस जिभेने फार तिखट.

"काय रे व्हर्लिन," तो पट्टीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "शर्यतीला आलायस, का बायकोला चर्चला सोडायला?"

व्हर्लिन हसला, पण त्याचे कान लाल झाले. घरी येईपर्यंत तो माझ्यावर उगाच गियर आदळत राहिला.

"या इंजिनात काय कमी आहे?" ओलीटाने विचारले.

"दम कमी आहे."

"दम नाही. तुला डॉयलचं तोंड बंद करायचंय."

"मग तेच म्हणतोय ना मी."

पुढच्याच आठवड्यात त्याने बॉनेट काढले, मला साखळ्या बांधल्या आणि कप्पीवरून वर ओढले. एवढ्या वर्षांत गाडीच्या बाहेरून मी गाडी कधी पाहिलीच नव्हती. ती इतकी देखणी आहे हे मला तेव्हा कळले, आणि तेव्हाच मला तिच्यातून उचलले होते.

मग ते धूड आले. माझ्यापेक्षा मोठे, तिप्पट अश्वशक्तीचे, निदान व्हर्लिन सगळ्यांना तसे सांगत असे. त्याने ते अंगणात साबणाच्या पाण्याने अंघोळ घालून धुतले. मला कधी साबण लागला होता का? त्याच्या पिस्टनची एकेक रिंग तो कानसेने हळुवार घासून बसवी, मोजी, पुन्हा काढून घाशी. क्रँकचा जड दांडा तेलाने माखून असा खाली ठेवला, जणू झोपलेले मूल पाळण्यात ठेवतो आहे. कार्बोरेटर एवढा उंच की त्याच्यासाठी गाडीच्या बॉनेटला भोक पाडावे लागले. माझ्या गाडीच्या कपाळाला भोक! वर माझा स्टार्टर काढून त्याला लावला, कारण म्हणे तो अजून चांगला होता.

ते सुरू झाले तेव्हा खिडकीच्या काचा थरथरल्या आणि गॅरेजमधली कोंबडी बाहेर पळाली. पुढे महिनाभर ते सतावत राहिले. कधी तापे, कधी ठसके. व्हर्लिन दिवा धरून ठिणगीचे टायमिंग बघे, कार्बोरेटरमधल्या बारीक छिद्राच्या पितळी नळ्या बदलून पाही, पट्टीवर एक फेरी मारून आणी आणि पेट्रोल नीट जळते का ते कळायला त्याचे प्लग काढून भिंगातून रंग बघत बसे. "बघ, कसा बदामी आलाय," म्हणून ओलीटाला हाक मारी. माझे प्लग त्याने पँटला पुसून परत लावले होते. मी जळत नव्हतो असे म्हणू? जळतच होतो, आणि तेही पेट्रोलशिवाय.

माझ्याकडे फक्त ओलीटा येई. रविवारी चर्चहून आली की ती माझे प्लग काढी, आत थोडे तेल सोडी आणि क्रँकला पाना लावून मला हाताने फिरवी, म्हणजे मी आतून गंजून जाम धरू नये. मला तेव्हा त्याचे काही वाटत नसे. माझे डोळे समोर लागलेले असत.

एकदा डॉयल गॅरेजमध्ये डोकावला. "हे ठेवून काय लोणचं घालणार आहेस?" तो माझ्यावर बूट टेकवून म्हणाला. "मला दे. ओढ्याचं पाणी उपसायला लावतो. नाहीच चाललं, तर होडीला नांगर होईल."

"हंगामाची शेवटची शर्यत मी जिंकलो की घेऊन जा," व्हर्लिन ऐटीत म्हणाला. "फुकट." डॉयलबरोबर आलेल्या लोकांसमोर दोघांनी हात मिळवले.

डॉयल गेल्यावर ओलीटा दारात आली. तिच्या ओच्यात शेंगा होत्या. "मला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? पडूनच आहे ते."

"माझ्या आईपाशी मला यानेच नेलं."

"चार माणसांत शब्द दिलाय, ओलीटा. आता फिरवू कसा?"

ती दारातच बसली. शेंगा मोडत राहिली.

म्हणजे धूड जिंकले की मी ओढ्यावर जाणार. मित्रांनो, दुसऱ्याचा पट्टा तुटावा, तेल गळावे, असे मी त्या दिवसांत जितके मनोभावे मागितले तितके कधी काही मागितले नसेल. शेवटच्या शर्यतीच्या दिवशी ते गेले तेव्हा डोंगरापलीकडून त्याची डरकाळी मला इथवर ऐकू येत होती. एका फेरीनंतर दुसरी, मग तिसरी. ते जिंकत चालले होते. माझा आवाज तिथून कधी इथवर आला नसेल, हेही मला त्याच वेळी सुचले आणि मी आणखी जळलो.

संध्याकाळ होण्याआधी ते परतले. मागोमाग डॉयलची गाडी आली. अंतिम फेरी त्याच्याशीच होती.

"आधी पोचलास रे तू," डॉयल खिडकीतून म्हणाला. "आधी पोचलास आणि हरलास. आपल्याच आकड्याच्या पुढे पळालास. ओलीटा, तुझा आकडा चुकलेला मी पहिल्यांदा बघितला."

"समोरून वारा सुटला होता," ओलीटा म्हणाली. "म्हणून जास्त वेळाचा, सैल लिहिला."

"मग माझा नांगर?"

"व्हर्लिन जिंकला तर तुझा होता ना? हरवलंस की तूच त्याला. आता जेवायला थांबतोस, का जातोस?"

डॉयलला हिशोब उलगडायला थोडा वेळ लागला. मग तो गेला. व्हर्लिन तडक घरात गेला आणि मला एवढा आनंद झाला की माझ्यात पेट्रोल असते तर मी आपोआप सुरू झालो असतो.

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर ओलीटा नेहमीसारखी तेल घेऊन आली. माझ्यात तेल सोडताना हळूच म्हणाली, "वारा-बिरा काही नव्हता बरं. त्याला शेवटी पेडलवरून पाय उचलता येत नाही, हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. म्हणून तसा लिहिला."

तिच्या बोटांना अजून पांढरे पॉलिश लागलेले होते. आणि दारात व्हर्लिन उभा होता, चर्चच्या टायमध्येच.

तो गाडीपाशी गेला. काचेवरचा आकडा तसाच होता. तो त्याने बराच वेळ वाचला.

"वारा नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता."

"मलाही लागला नव्हता."

ओलीटाने मान खाली घातली नाही. व्हर्लिनने फडके घेतले, आकडा पुसून टाकला आणि टाय सैल करत माझ्याकडे आला.

"सरक," तो म्हणाला. "पाना दे इकडे. तुझ्याच्याने पुरतं फिरत नाही ते."

आणि त्याने मला फिरवले, हळूहळू, कान लावून, जसे नव्याला फिरवताना मी त्याला रोज बघत होतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोपऱ्यात काहीतरी झाकून ठेवलेले असेल. ते वापरा असे मी म्हणत नाही. पण आठवड्यातून एकदा त्याला तेलाचा थेंब द्या आणि हाताने फिरवून बघा. पडून राहण्याने आम्ही मरत नाही, जाम धरल्याने मरतो.

मी अजून गाडीबाहेरच आहे आणि खोटे कशाला बोलू, अजून जळतो. पण ओलीटाने एवढ्या वर्षांत काचेवर एकच खोटा आकडा लिहिला, आणि तो माझ्यासाठी. समोरच्या धुडाने ते ऐकले आहे. त्या रविवारपासून ते बॉनेटच्या भोकातून माझ्याकडे टक लावून बघत असते.