एका नर्सच्या दोन बाळंतिणी

भांडण लागलं ते बोंबलांच्या चार जोड्यांवरून. डिसेंबरात पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावर वलांड्या उभ्या राहतात. बांबू रोवायचे, त्यांना दोऱ्या ताणायच्या आणि ओले बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं टांगायचे. हंसा आणि तिची धाकटी जाऊ पुष्पलता यांची वलांडी एकच होती, पण दोघींनी ती मधोमध वाटून घेतली होती. पुष्पलताचा जानू, दोन वर्षांचा व्हायला आलेला, वलांडीखालून धावत गेला आणि हंसाच्या बाजूच्या चार जोड्या वाळूत पाडून गेला.

"पोराला बांधून ठेव गो!" हंसा कडाडली. "माज्या मालावर कशाला सोडतेस?"

"पोरच हाय ताय, धावनारच," पुष्पलता म्हणाली.

तिला बिचारीला काही लावून बोलायचं नव्हतं, पण लागायचं ते लागलं. वाळू लागलेले बोंबील धुऊन परत टांगता येतात, हे हंसाला काय ठाऊक नव्हतं? तिला खुपलं ते धावणं. तिचा हरेश शिडाच्या फाटक्या कापडाच्या सावलीत गोधडीवर निजला होता. तोही त्याच दिवशी जन्मलेला. अजून तो मान धरत नव्हता. पेज भरवायला तास जायचा आणि निम्मी पेज गळ्यावरून खाली यायची.

हंसा जळायची. लपवून नाही, उघड जळायची. जानू बसायला लागला तेव्हा जळली, पहिला शब्द बोलला तेव्हा जळली, त्याला पायात वाळे घातले तेव्हा तर दोन दिवस जेवली नाही. त्याच्या नावावर तर ती सगळ्यात जास्त जळायची. जानू हे वारलेल्या सासऱ्याचं नाव. मोठ्या सुनेच्या पहिल्या मुलाला ते मिळायचं, ही घरातली रीत. पण सासूनं, राहीबाईनं, दोन्ही पोरं बघितली आणि नाव धाकटीच्या पोराला दिलं. नावाला वारस धडधाकट हवा, असं तिचं म्हणणं. हंसा त्या दिवसापासून सासूशी कामापुरतं बोलायची आणि जावेशी भांडणापुरतं.

आणि आता पुष्पलताला पुन्हा सातवा महिना होता.

सुकट विकायला हंसा गुरुवारी बोईसरला जायची. तिथल्या कंपनीच्या चाळीत सुगंधा म्हणून साताऱ्याकडची बाई राहायची. तिचा नवरा खंडेराव युनियनमध्ये होता, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. हरेशला पाठीशी बांधून आलेली हंसा बघितली की सुगंधा आधी त्याला उचलून घ्यायची, मग भाव करायची.

"अगं हंसाबाई," त्या गुरुवारी ती म्हणाली, "आमच्या ह्यांनी वाचलंय. दवाखान्यावर आता ग्राहक मंचात जाता येतंय. पैसं घेऊन बाळंतपण केलं न्हवं त्यांनी? मग तू त्यांचं गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला दाद मागता येती."

"गिराईक तू माजं," हंसा म्हणाली. "बोंबील किती देऊ ते सांग."

"बोंबील ऱ्हाऊ दे. तू आन् तुजा मालक म्हातारं झाल्यावर ह्या लेकराचं कोण बघणार, ते सांग आधी."

तोच प्रश्न हंसाला रोज छळायचा. नवरा नवशा होडीवर आठ-आठ दिवस बाहेर असायचा. दर्या चांगला असला तर घर चालायचं, नसला तर हरेशचं औषध राहायचं.

खंडेरावानं पालघरच्या कृष्णकांत वकिलांचा पत्ता दिला. वकील म्हातारे होते, चष्मा कपाळावर ठेवून बोलायचे. हरेशला नंतर जिथं तपासलं होतं, त्या मुंबईच्या मोठ्या इस्पितळाचा कागद त्यांनी वाचला.

"जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं यात स्पष्ट लिहिलंय," ते म्हणाले. "पण तो का कमी पडला, कुणाच्या हयगयीनं, ते आपल्याला दाखवावं लागेल. नुसतं पोर असं झालं म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही. पालघरच्या दवाखान्याचा कागद कुठंय? कधी आणलं, डॉक्टर कधी आले, त्यावर वेळा असतात."

हंसानं मान खाली घातली.

"दर्यात," ती म्हणाली.

"दर्यात?"

मग तिनं सांगितलं. पाचवीच्या पूजेला सटवाईसमोर कोरा कागद आणि पेन ठेवतात, देवी येऊन बाळाचं नशीब लिहिते. राहीबाईनं कोरा कागद ठेवलाच नाही. तिनं दवाखान्याचा कागद ठेवला. डागतरानं वायट लिवलंय, ते देवीनं वाचावं नि खोडून चांगलं लिवावं, असं म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी पूजेच्या फुलांबरोबर तो कागद रीतीप्रमाणे समुद्रात सोडला.

वकिलांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. हसले मात्र नाहीत. त्यांनी दवाखान्याला पत्र लिहून नक्कल मागितली. चार दिवसांनी उत्तर आलं की जुने कागद पावसात भिजून खराब झाले.

"अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा असतो," वकील म्हणाले. "तुमची मुदत सोळा जानेवारी. सतरा दिवस राहिले. त्या खोलीत तुमच्याशिवाय कोण होतं?"

हरेश झाला त्या दिवशी पहाटे हंसाला पालघरला आणलं होतं. दुपारी पुष्पलताला आणून पडद्यापलीकडच्या खाटेवर निजवलं. डॉक्टर आपल्या दुसऱ्या दवाखान्यात गेलेले. चार वाजता पुष्पलताचा पोरगा टाहो फोडत आला. हरेश साडेपाचला आला तो निळा, मुका. मधल्या वेळात नर्स पडद्यापलीकडे होती. आपली वेळ जावेनं खाल्ली, एवढंच हंसा दोन वर्षं धरून बसली होती आणि घरात बोलून दाखवत होती.

"जाव व्हती," ती म्हणाली.

"मग तिला आणा. तिच्याशिवाय केस उभी राहत नाही."

आणा म्हणणं सोपं. हंसा चार दिवस गेलीच नाही. जिच्या पोराचं हसू आपल्याला बघवत नाही, तिच्या दारात पदर पसरायचा? पाचव्या दिवशी हरेशला झटके आले. ते थांबल्यावर तिनं त्याला पुसलं, खांद्यावर टाकलं आणि शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली.

पुष्पलता तांदूळ निवडत होती. तिचा नवरा रामा जाळं विणत होता. हंसानं उभ्याउभ्याच सांगितलं. विनवणीचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. भांडायला आल्यासारखीच बोलली.

रामा उसळला. "वयनी, हिचं नाव त्याच डागतराकडं घातलंय! दोन महिन्यांनी हिला तिथंच न्यायची हाय. त्याच्यावर साक्ष दिली तं तो हिला हात लावंल काय?"

"त्यानं माज्या येळेला तरी कुटं लावला?" हंसा म्हणाली.

पुष्पलतानं सूप बाजूला ठेवलं. तिनं हरेशच्या लोंबत्या पायांकडे बघितलं.

"येते मी," ती म्हणाली. "बालंतपनाचं सरकारी दवाखान्यात बगू."

झालं! हंसाला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. मग आपल्याला तिला गावभर शिव्या घालता आल्या असत्या. पण ती एका बोलण्यात हो म्हणाली आणि हंसाच्या पोटात नव्यानं दुखायला लागलं. मोठेपण दाखवायची पाळी आली, तीही हिलाच मिळाली.

मुदत संपायला सहा दिवस असताना दोघी वकिलांपुढे बसल्या. हरेश हंसाच्या मांडीवर होता. वकील विचारत होते, पुष्पलता सांगत होती, कारकून लिहून घेत होता. डॉक्टर सकाळपासून नव्हते. नर्स एकच. ती दोनदा फोन करायला गेली, डॉक्टर आले नाहीत. आले ते सहा वाजता, सगळं झाल्यावर.

"आनि एक लिवा," पुष्पलता म्हणाली. तिचा आवाज खाली गेला. "माजं पोर झाल्यावर पडद्यापलीकडून ताय नर्सला हाका मारत व्हती. नर्स तिच्याकडं जायला उठली. मी तिचा हात धरला. मना रगत जात व्हतं, भ्या वाटलं. ती म्हनली, सोड, ती बाय अडलीय. मी सोडला नाय. लय येल सोडला नाय."

हंसाचं बरोबर होतं तर! दोन वर्षं सासूनं तिला खोटारडी म्हटलं, नवऱ्यानं वेडी म्हटलं, आणि ती बरोबर होती. तिला उठून त्या बाईच्या झिंज्या धराव्याशा वाटल्या.

"मना रोज दिसतं हे पोर," पुष्पलता रडत म्हणाली. "तू शिव्या देतेस ना ताय, मना बरं वाटतं."

वकिलांनी कारकुनाला हातानं थांबवलं.

"हे वाक्य ठाण्याला मंचासमोर वाचलं जाईल," ते हंसाला म्हणाले. "त्यांचा वकील म्हणेल, दोष दवाखान्याचा नाही, या जावेचा आहे. तुम्हाला विचारतील. तेव्हा तुम्ही काय सांगणार, ते आत्ता ठरवा. एका वेळी दोन बायका अडलेल्या असताना एकच नर्स का होती, हे विचारायचं, की या बाईनं हात का धरला, हे?"

हंसानं पुष्पलताकडे बघितलं. तोंड सुजलेलं, पोट गुडघ्यांवर टेकलेलं, नाक पदरानं पुसत होती. हिचा तिरस्कार करायला दोन वर्षांत कधी कष्ट पडले नव्हते, आज पडत होते. ती दुपार तिला आठवली. ती खाट, ते लोखंडी गज, आणि ओरडून ओरडून बसलेला आपला घसा. हरेशनं मांडीवर अंग ताठ केलं. तिनं त्याची मान सावरली.

"तिचं हाय तसं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आनि माज्या कागदावर माजं लिवा."

"काय लिहू?"

"नर्स माज्याकडं पयली आली असती, तं मी बी तिचा हात धरला असता. मी बी सोडला नसता. तिचं पोर मेलं असतं तरी सोडला नसता."

कारकुनानं वकिलांकडे बघितलं. वकील म्हणाले, "बाई, हे लिहायची गरज नाही."

"लिवा तुमी," हंसा म्हणाली.